लीदोच्या गच्चीवरचा पडदा

रात्रीचे सव्वानऊ. तारीख ६ ऑगस्ट १९३२. व्हेनिसलगतच्या लीदो बेटावर एक्सेल्सियर हॉटेलच्या समुद्राकडच्या गच्चीवर पडदा ताणलेला. बाजूला एड्रियाटिक समुद्र, वर उघडं आकाश, समोर उंची कपड्यांतले पाहुणे. दिवे मालवले आणि रूबेन मामुलियन यांचा ‘डॉक्टर जेकिल अँड मिस्टर हाइड’ सुरू झाला. एका सभ्य डॉक्टरच्या आत दडलेलं जनावर पडद्यावर बाहेर येत होतं. खेळ संपल्यावर हॉटेलच्या दालनात नाच रंगला. जगातला आजही चालू असलेला सर्वांत जुना चित्रपट महोत्सव असा सुरू झाला.

इटालियन लोक त्याला ‘मोस्त्रा’ म्हणतात. मोस्त्रा म्हणजे प्रदर्शन. हे नाव मुळाशी नेतं. व्हेनिसमध्ये १८९५पासून ‘बिएनाले’ हे मोठं कलाप्रदर्शन भरत होतं. चित्रं आणि शिल्पं पाहायला जगभरचे लोक यायचे. त्याच प्रदर्शनाच्या अठराव्या खेपेला चित्रपटांचा विभाग जोडला गेला. जत्रेतली करमणूक समजला जाणारा सिनेमा तैलचित्रांच्या पंगतीला बसला, तो इथे.

मात्र केवळ कलेच्या प्रेमापोटी हे घडलं नव्हतं. बिएनालेचे अध्यक्ष होते काउंट जुझेप्पे व्होल्पी. विजेच्या धंद्यात पैसा कमावलेला हा उद्योगपती मुसोलिनीच्या सरकारात १९२५ ते १९२८ अर्थमंत्री होता. लीदोवरच्या आलिशान हॉटेलांच्या कंपनीशी त्याचे हितसंबंध होते. जागतिक मंदीचे दिवस होते आणि लीदो जगायचं ते उन्हाळी पाहुण्यांवर. ऑगस्टमध्ये श्रीमंत गिऱ्हाईक बेटावर टिकून राहावं, ही महोत्सवामागची रोकडी गरज होती. दुसरी गरज सरकारची होती. नव्या इटलीचं आधुनिक, सुसंस्कृत रूप जगाला दिसायला हवं होतं. हॉटेलवाल्यांचा हंगाम आणि हुकूमशहाचा दिमाख, अशा दोन खांबांवर हा मांडव उभा राहिला.

तरीही पहिल्या वर्षी एक मोकळेपणा होता. परीक्षक नव्हते. प्रेक्षकांनाच मतपत्रिका दिल्या होत्या. सर्वांत करमणूक करणारा चित्रपट कोणता, मनाला सर्वांत भिडणारा कोणता, सर्वांत वेगळा कोणता, असे साधे प्रश्न होते. करमणुकीत रने क्लेर यांचा फ्रेंच ‘आ नू ला लिबेर्ते’ निवडला गेला. उत्तम दिग्दर्शक म्हणून लोकांनी कौल दिला तो निकोलाय एक्क यांना. एक्क सोव्हिएत रशियाचे आणि त्यांचा ‘रोड टू लाइफ’ रस्त्यावरच्या बेवारस मुलांवरचा. फॅसिस्ट इटलीत, श्रीमंतांच्या हॉटेलच्या गच्चीवर, कम्युनिस्ट देशाचा दिग्दर्शक लोकांच्या मतांनी पहिला आला! त्या पंधरवड्यात २५ हजारांहून अधिक लोकांनी खेळ पाहिले.

या पहिल्याच निकालात पुढच्या नव्वद वर्षांचं बीज आहे. यजमानाच्या मनात एक असतं, पडदा दुसरंच काही दाखवतो. व्हेनिसचा इतिहास वाचायचा तो या ओढाताणीचा इतिहास म्हणून.

यजमानाने लवकरच लगाम हातात घेतला. १९३४मध्ये महोत्सव पुन्हा भरला, तेव्हा स्पर्धा आली आणि सर्वोच्च पारितोषिकाला नाव मिळालं ‘मुसोलिनी करंडक’. एक उत्तम इटालियन चित्रपटासाठी, एक उत्तम परदेशी चित्रपटासाठी. पुढच्या वर्षापासून महोत्सव दरसाल भरू लागला. अभिनयासाठी ‘व्होल्पी करंडक’ सुरू झाला. १९३७मध्ये लीदोवर ‘पालात्सो देल चिनेमा’, म्हणजे सिनेमाचा महाल, थोड्याच काळात बांधून उभा करण्यात आला. गच्चीवरचा पडदा छताखाली आला.

मराठी वाचकाने थांबून पाहावं असं वर्ष ते हेच.

त्या वर्षी उत्तम इटालियन चित्रपटाचा मुसोलिनी करंडक कार्मिने गालोने यांच्या ‘शिपिओने लाफ्रिकानो’ला मिळाला. आफ्रिकेवर स्वारी करून कार्थेजच्या हॅनिबालला हरवणाऱ्या रोमन सेनापतीची ही गाथा. मुसोलिनीने नुकताच आफ्रिकेतला अ‍ॅबिसिनिया गिळला होता, त्यामुळे प्राचीन रोमच्या आफ्रिकाविजयाचा हा चित्रपट कोणासाठी काढला होता हे सांगायला नको होतं. हजारो सैनिक, हत्ती, रणधुमाळी, सगळा सरकारी थाट. त्याच वर्षी ज्याँ रेन्वा यांचा ‘ला ग्रांद इल्युजियाँ’ आला. युद्धकैद्यांच्या छावणीत शत्रू-मित्र ही भिंत किती तकलादू असते हे दाखवणारा तो चित्रपट. परीक्षकांना तो डावलता येईना आणि मोठा करंडकही देता येईना. त्याच्या कलात्मक गुणांसाठी वेगळं पारितोषिक दिलं गेलं. इटली आणि जर्मनीत त्या चित्रपटावर नंतर बंदी होती.

आणि याच पडद्यावर त्या वर्षी देहूचा एक वाणी आला.

प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ १२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला होता आणि एकाच चित्रपटगृहात सलग ५७ आठवडे चालला. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल हे कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. दोघांचीही घडण कारागिराची. दामल्यांचा हात यंत्रांवर आणि ध्वनीवर, फत्तेलालांचा रंगरेषांवर. तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस, संगीत रंगभूमीवर एकेकाळी स्त्रीभूमिका गाजवलेले नट. त्यांच्या चेहऱ्यावरचा आणि गळ्यातला हळवेपणा पाहून लोक चित्रपटगृहात हात जोडायचे. संगीत केशवराव भोळ्यांचं. शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी रचलेला अभंग इतका एकजीव झाला, की तो तुकोबांचाच असं मानणारे आजही भेटतात.

पण या चित्रपटाचा प्राण तुकारामांच्या बायकोत, आवलीत आहे. ही भूमिका करणाऱ्या गौरीबाई नावाजलेल्या नटी नव्हत्या. प्रभातमध्ये लहानसहान कामं करत आलेल्या होत्या. घरात दाणा नाही, पोर तापाने फणफणलंय आणि नवरा विठ्ठलाच्या नावात दंग. अशा वेळी ही बाई हातात वहाण घेऊन थेट देवळात शिरते. गाभाऱ्यातल्या काळ्या मूर्तीला तोंडावर जाब विचारते. कॅमेरा तिला दुष्ट ठरवत नाही आणि तिचं हसंही करत नाही. तिच्या जिभेवर शिव्या आहेत, हातात काम आहे आणि पोटात माया आहे. म्हशीला पाणी दाखवणं, चूल पेटवणं, पोरांना दटावणं, या सगळ्यांत एक अख्खा संसार उभा राहतो. शेवटी तुकाराम गरुडावर बसून वैकुंठाला जातात आणि आवली खालीच राहते. त्या वर पाहणाऱ्या बाईसाठी प्रेक्षकाचा जीव तुटतो.

रोमन सेनापतीच्या हत्तींसमोर आवलीची म्हैस. एकाच महोत्सवात, एकाच वर्षी. करंडक सेनापतीला गेला, तरी ‘संत तुकाराम’ची व्हेनिसमध्ये गौरवाने दखल घेतली गेली, प्रशस्तिपत्र मिळालं. भारतीय चित्रपट व्हेनिसला यापूर्वीही गेला होता. देवकी बोस यांचा ‘सीता’ १९३४मध्ये तिथे दाखवला गेला. पण मराठी बोलणाऱ्या माणसांचं रोजचं जिणं युरोपच्या पडद्यावर अशा मानाने पोचलं ते तुकोबांच्या दिंडीबरोबर. ‘शिपिओने’ आज फॅसिस्ट प्रचाराचा नमुना म्हणून अभ्यासला जातो. ‘तुकाराम’ आजही सिनेमा म्हणून पाहिला जातो.

यजमानाचा हात पुढच्या वर्षी पुरता उघडा पडला. १९३८चे दोन मुसोलिनी करंडक कोणाला गेले ते पाहा. एक गेला लेनी रीफेन्स्टाल यांच्या बर्लिन ऑलिंपिकवरच्या ‘ओलिंपिया’ला, दुसरा ‘लुचानो सेर्रा, पिलोता’ या इटालियन वैमानिकपटाला. या दुसऱ्या चित्रपटाच्या निर्मितीवर देखरेख होती ती मुसोलिनीच्या मुलाची, व्हित्तोरिओची. ब्रिटिश आणि अमेरिकी प्रतिनिधींनी निषेध नोंदवून अंग काढून घेतलं. फ्रान्सचे प्रतिनिधी फिलिप एर्लांजे परतीच्या रेल्वेत बसले ते एक विचार मनात घोळवत: सरकारी दडपणापासून मुक्त असा दुसरा महोत्सव आपणच का भरवू नये? आज सगळ्यांना ठाऊक असलेला कान महोत्सव त्या रागातून जन्मला. त्याचं पहिलं उद्घाटन १ सप्टेंबर १९३९ला ठरलं होतं. त्याच दिवशी जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या आणि कानला १९४६पर्यंत थांबावं लागलं.

व्हेनिस मात्र युद्धातही सुरूच राहिला. १९४० ते १९४२ असे तीन महोत्सव झाले, तेही लीदोबाहेर आणि जर्मनी-इटलीच्या गोटातल्या मोजक्या देशांपुरते. १९४०मध्ये तिथे ‘यूद झ्यूस’ हा ज्यूंविरुद्ध विष पेरणारा जर्मन चित्रपट पहिल्यांदा दाखवला गेला. ही तीन वर्षं महोत्सवाच्या गणतीतून पुढे काढूनच टाकली. म्हणून वर्षांचा आणि आवृत्त्यांचा हिशोब जुळवायला बसलं, तर तो जुळत नाही. १९३२चं रोप २०२५मध्ये ८२व्या आवृत्तीला पोचतं. मधल्या गाळलेल्या जागांत युद्ध आहे, लाज आहे आणि पुढे बंडही आहे.

युद्ध संपल्यावर १९४६मध्ये महोत्सव परत भरला. १९४७ साली तो व्हेनिसच्या जुन्या राज्यकर्त्यांच्या वाड्याच्या, डोजे राजवाड्याच्या चौकात झाला आणि ९० हजार प्रेक्षकांनी हजेरी लावली. दुभंगलेल्या, भुकेल्या युरोपात लोक सिनेमा पाहायला एवढ्या गर्दीने आले. १९४९मध्ये महोत्सव लीदोवर परतला आणि मुसोलिनीच्या करंडकाच्या जागी नवं पारितोषिक आलं. संत मार्क हा व्हेनिसचा पालक संत आणि पंख असलेला सिंह त्याचं चिन्ह. त्यावरून ‘सुवर्णसिंह’. अभिनयाच्या पारितोषिकाला मात्र आजही व्होल्पीचंच नाव आहे. हुकूमशहाचं नाव पुसलं गेलं, त्याच्या मंत्र्याचं राहिलं.

या सिंहाने पूर्वेकडे पाहिलं, हे त्याचं सर्वांत मोठं काम. १९५१मध्ये तो अकिरा कुरोसावांच्या ‘राशोमोन’ला मिळाला. ही हकिगत ऐकण्यासारखी आहे. चित्रपट काढणाऱ्या जपानी कंपनीलाच तो नीट उमगला नव्हता. परदेशी पाठवण्याची कल्पनाही तिला रुचली नव्हती. टोकियोत इटालियन शिकवणाऱ्या आणि एका इटालियन चित्रपट कंपनीचं काम पाहणाऱ्या जुलियाना स्त्रामिजोली यांनी तो पाहिला आणि व्हेनिससाठी सुचवला. कुरोसावांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मासे धरायला गेलेले कुरोसावा रिकाम्या हाताने घरी परतले, तेव्हा पत्नीने दारातच बातमी सांगितली. एका बाईच्या पारखी नजरेने जपानी सिनेमाचं दार जगासाठी उघडलं. मागोमाग केंजी मिझोगुचींचे चित्रपट व्हेनिसला आले. १९५४मध्ये रौप्यसिंह मिळालेल्या चित्रपटांत कुरोसावांचा ‘सेव्हन सामुराय’ आणि मिझोगुचींचा ‘सान्शो द बेलिफ’ होते.

१९५७ साल भारताचं. सत्यजित राय यांचा ‘अपराजितो’ आदल्या वर्षी कोलकात्यात लागला तेव्हा प्रेक्षकांनी पाठ फिरवली होती. वाढत्या वयाचा अपू आईपासून मनाने दूर जातो, हे तिथल्या पुष्कळांना सोसलं नाही. व्हेनिसच्या स्पर्धेत समोर कुरोसावांचा ‘थ्रोन ऑफ ब्लड’ होता, व्हिस्कोंतींचा ‘व्हाइट नाइट्स’ होता. परीक्षकांचे अध्यक्ष होते रने क्लेर, १९३२मध्ये प्रेक्षकांनी ज्यांना निवडलं होतं तेच. सुवर्णसिंह ‘अपराजितो’ला मिळाला. घरी हरलेली कलाकृती परक्या गावी जिंकली. ‘पथेर पांचाली’पासून सुरू झालेल्या अपूच्या गोष्टीचा तिसरा भाग, ‘अपुर संसार’, पुढे निघाला त्याला या विजयाचं बळ होतं.

मग बंडाचं वर्ष आलं. १९६८मध्ये युरोपभर विद्यार्थी रस्त्यावर होते. त्या मे महिन्यात कान महोत्सव मध्येच बंद पडला होता. उन्हाळ्याच्या शेवटी लाट लीदोवर येऊन आदळली. इटालियन लेखक-दिग्दर्शकांचा सवाल सरळ होता: फॅसिझम जाऊन दोन तपं उलटली, तरी बिएनालेचा कारभार मुसोलिनीच्या काळात केलेल्या नियमांवर का चालतो? चेझारे झावात्तिनी आणि पाझोलिनी यांच्यासारखी माणसं आंदोलकांत होती. पोलिसांच्या बंदोबस्तात महोत्सव कसाबसा पार पडला. पण पुढच्या वर्षीपासून पारितोषिकं थांबली, ती १९७९पर्यंत. मधली काही वर्षं तर महोत्सवच भरला नाही. बिएनालेला नवा कायदा मिळाला १९७३मध्ये, आणि १९७४ची बिएनाले चिलीतल्या लष्करी सत्तेविरुद्ध तिथल्या जनतेला वाहिली गेली.

या काळाला पुष्कळ जण पडता काळ म्हणतात. ते बरोबर नाही. आपल्याच घराची वीट न् वीट तपासण्यासाठी दहा वर्षं बक्षिसांवर पाणी सोडणारी संस्था विरळा. १९८०मध्ये सुवर्णसिंह परतला आणि लुई माल व जॉन कॅसाव्हेटिस यांच्यात वाटला गेला. त्यानंतरच्या वर्षी तो मार्गारेटे फॉन ट्रोटा यांना मिळाला. तैवानचे हौ श्याओ-श्येन, चीनचे झांग यिमौ, जपानचे ताकेशी कितानो अशी नावं या यादीत येत गेली. २००१मध्ये मीरा नायर यांच्या ‘मॉन्सून वेडिंग’ने भारताला दुसरा सुवर्णसिंह आणला. २०१८चा ‘रोमा’ हा आल्फोन्सो क्वारोन यांचा चित्रपट नेटफ्लिक्सचा. चित्रपटगृहांच्या वादावरून कानचं दार त्या कंपनीला बंद होतं, व्हेनिसने ते उघडं ठेवलं आणि सुवर्णसिंहही दिला. हे योग्य झालं की नाही, यावर चित्रपटव्यवसायात अजून भांडण मिटलेलं नाही.

मराठी मात्र पडद्यावर परत यायची होती.

२०१४मध्ये चैतन्य ताम्हाणे या मुंबईच्या तरुणाचा पहिला चित्रपट ‘कोर्ट’ तिथल्या ‘ओरिझोंती’ विभागात होता. मॅनहोलमध्ये मेलेल्या एका सफाई कामगाराला आपल्या गाण्याने आत्महत्येला प्रवृत्त केलं, असा आरोप असलेल्या लोकशाहिराचा हा खटला. शाहीर नारायण कांबळेच्या भूमिकेत नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार. पंखा फिरतो आहे, कारकून टंकतो आहे, तारीख पुढे ढकलली जाते आहे. बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून न्यायाधीश एका बाईचं प्रकरणच ऐकायला नकार देतात. गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील दिवसभर शाहिराच्या तुरुंगवासासाठी भांडते आणि घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. तिलाही चित्रपट दुष्ट ठरवत नाही. आवलीकडे पाहणारी प्रभातची नजर इथे पुन्हा भेटते. ‘कोर्ट’ला विभागातला उत्तम चित्रपट आणि पदार्पणासाठीचा ‘भविष्याचा सिंह’, अशी दोन पारितोषिकं मिळाली.

२०२०मध्ये करोनाने कानचा नेहमीचा महोत्सव होऊ दिला नाही. व्हेनिस २ सप्टेंबरला भरला. तोंडावर मुखपट्ट्या, एकाआड एक खुर्च्या रिकाम्या, गर्दी होऊ नये म्हणून लाल गालिच्यासमोर उभारलेली भिंत. मुख्य स्पर्धेत ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ होता. ‘मॉन्सून वेडिंग’नंतर मुख्य स्पर्धेत आलेला हा पहिला भारतीय चित्रपट, आणि तो मराठी. आदित्य मोडक यांचा शरद नेरुळकर, शास्त्रीय गाणं शिकणारा तरुण, रात्रीच्या निर्मनुष्य मुंबईत मोटरसायकल चालवतो आणि कानात ‘माई’ या ज्येष्ठ गायिकेच्या व्याख्यानाची ध्वनिफीत घुमत असते. साधना, त्याग, शुद्धता यांविषयी बोलणारा तो आवाज सुमित्रा भावे यांचा. शरद कष्ट करतो, गुरूची सेवा करतो आणि तरीही मोठा गायक होत नाही. अपयशाची एवढी प्रामाणिक गोष्ट सांगणाऱ्या या चित्रपटाला उत्तम पटकथेचं पारितोषिक मिळालं. आंतरराष्ट्रीय समीक्षक संघटनेनेही त्याला निवडलं.

दोन्ही टोकांना संगीत आहे, हे विसरता येत नाही. १९३७मध्ये विठ्ठलापर्यंत पोचलेला गायक होता, २०२०मध्ये स्वतःच्या सुरापर्यंतही न पोचलेला. मधल्या ८३ वर्षांत इटलीत राजवटी बदलल्या, करंडकांची नावं बदलली, लीदोवरचा महाल जुना झाला. महालाशेजारी नव्या इमारतीसाठी खणलेला खड्डा जमिनीत अ‍ॅस्बेस्टॉस सापडल्यामुळे कित्येक वर्षं तसाच पडून होता. तो बुजवून २०१६मध्ये तिथे लालभडक, पेटीसारखं नवं चित्रपटगृह उभं केलं गेलं.

मात्र या दोन मराठी चित्रपटांच्या नशिबात एक फरक आहे. ‘संत तुकाराम’ आधी मुंबईत महिनोन्महिने चालला, गावोगावी बैलगाड्या जुंपून लोक तो पाहायला गेले, आणि त्यानंतर व्हेनिसने त्याला मान दिला. ‘द डिसायपल’चा मान आधी झाला, आणि ३० एप्रिल २०२१ रोजी तो थेट नेटफ्लिक्सवर आला. मोठ्या पडद्यावर, अंधारात, शेजाऱ्याच्या श्वासासोबत तो पाहण्याची संधी महाराष्ट्रातल्या बहुतेकांना मिळालीच नाही.

‘संत तुकाराम’चं व्हेनिसचं प्रशस्तिपत्र मधल्या काळात गहाळ झालं होतं. २००४मध्ये ते पुण्यात परत आलं, जिथे प्रभातच्या जुन्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. कागद सुखरूप घरी आला, हे चांगलं झालं. आता प्रेक्षकांनीही यावं. गावच्या फिल्म सोसायटीने, महाविद्यालयाने, वाचनालयाने एका संध्याकाळी पडदा लावून ‘संत तुकाराम’ आणि दुसऱ्या संध्याकाळी ‘कोर्ट’ दाखवावा. लीदोवरचा पहिला पडदाही गच्चीवरच लावला होता.